वडखळ, रोहा, ब्रेटन वुड्स

पेणहून गोव्याच्या दिशेने निघालात की वडखळला रस्ता फुटतो. एक जातो अलिबागला, दुसरा नागोठणे-कोलाड करत खाली कोकणात. शनिवारी सकाळी बहुतेक सगळ्या गाड्यांचे इंडिकेटर अलिबागच्या बाजूला लागलेले असतात. दुसऱ्या रस्त्याने जाणाऱ्यांपैकी हौशी मंडळी कोलाडला राफ्टिंग करतात आणि तिथूनच परत फिरतात. त्याच कुंडलिकेच्या काठाने थोडं पुढे गेलं की रोहा लागतं. रोह्याला मुद्दाम असं कुणी जात नाही. सासुरवाडी असेल तर गोष्ट वेगळी :)

आमचं घर वडखळचं, त्यामुळे हा फाटा मी लहानपणापासून बघतोय. पण रोह्याचा विषय आज निघायचं कारण वेगळंच आहे. परवा कँटीनमध्ये पंतप्रधानांच्या परदेश दौऱ्यांवरून नेहमीची जुंपली. एक पार्टी म्हणते, मोठ्या देशांशी संबंध असेच वाढतात. दुसरी म्हणते, विमानाचा खर्च बघा आणि हातात काय आलं ते सांगा. जेवण संपलं तरी कुणाचं मत तसूभरही हललं नाही (कँटीनमध्ये कधी हललंय?). मला मात्र एक प्रश्न राहून राहून पडला. 'हातात काय आलं' हे मोजायचं कसं? फोटो मोजायचे, करार मोजायचे, की दहा वर्षांनी हिशोब मांडायचा? आणि दौऱ्यावर गेलेला देश समोरच्याचं देणं लागतो की समोरच्याकडून त्याचंच येणं आहे, याने काय फरक पडतो?

ह्या प्रश्नांची उत्तरं शोधायला भारताच्या इतिहासात एक फार चांगली केस आहे. १९४४ ते १९५१ ही ती सात वर्षं. सुरुवातीला भारत एका महासत्तेचा सावकार होता आणि शेवटी दुसऱ्या महासत्तेच्या दारात धान्यासाठी उभा होता. दोन्ही वेळी टेबलाच्या आपल्या बाजूला रोह्याचा एक माणूस होता. चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

सी. डी. देशमुख म्हटलं की आपल्याकडे एकच गोष्ट आठवते. मुंबई महाराष्ट्राला द्यायला केंद्र तयार नव्हतं म्हणून १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रीपदाचा राजीनामा नेहरूंच्या हातात ठेवला. ती गोष्ट मोठीच आहे, पण तिच्या सावलीत बाकीचा माणूस झाकला गेला. जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळच्या नाते गावचा. वडील रोह्याला वकील. १९१२ ला मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, मग केंब्रिजला जीझस कॉलेजात नॅचरल सायन्सेस, त्यात वनस्पतिशास्त्राचं बक्षीस. १९१८ साली आयसीएसच्या परीक्षेत पुन्हा पहिले. (असा मुलगा शेजारी राहत असता तर आपलं बालपण किती कठीण गेलं असतं याची कल्पना करा.) मग मध्य प्रांत आणि वऱ्हाडात नोकरी, १९३१ ला लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात काम, १९३९ ला रिझर्व्ह बँकेत. ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

आता देशमुखांना तिथेच ठेवून पावणेतीनशे वर्षं मागे जाऊ. उगाच नाही, काम आहे.

मे १६७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन महाराजांच्या राज्याभिषेकासाठी मुंबईहून रायगडाला निघाला. समुद्राने चौल, तिथून होडीने खाडीवाटे रोह्याजवळचं अष्टमी आणि पुढे निजामपूरवरून पाचाड. म्हणजे एक परकी सत्ता संबंध वाढवायला आपल्या ह्याच पट्ट्यातून, होड्या बदलत आली होती. कंपनीला काय हवं होतं? राजापूरच्या लुटीची भरपाई, वखारी, कमी जकात अशी वीस कलमांची यादी होती. त्यातलं एक कलम मला सगळ्यात भारी वाटतं. इंग्रजांचं म्हणणं होतं की मुंबईत पाडलेली आमची नाणी तुमच्या मुलुखात चालावीत. महाराजांच्या उत्तराचा सारांश असा : ज्यात रयतेचं नुकसान होईल असा पैसा घ्यायची सक्ती मी करणार नाही. तुमचं नाणं मोगलांच्या नाण्याइतकं चोख आणि वजनाला पुरं असेल, तर ते चालायला माझी मनाई नाही. बस्स. बाकीची बहुतेक कलमं मान्य झाली, पण पैशाच्या कलमात राजाने लोकांच्या खिशावर हात ठेवायला नकार दिला.

हे लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या महायुद्धात नेमकं उलटं झालं.

१९३९ साली युद्ध सुरू झालं. दिल्ली आणि लंडनमध्ये ठरलं की भारताच्या स्वतःच्या संरक्षणाचा खर्च भारताने करायचा, आणि भारताबाहेर लढणाऱ्या फौजा, ब्रिटनसाठी होणारी खरेदी वगैरेचा खर्च ब्रिटन देणार. ऐकायला एकदम फेअर. पण देणार कसा? ब्रिटन लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंड जमा करणार. त्या पौंडांच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे नोटा छापणार आणि त्या नोटांनी इथलं धान्य, कापड, ताग, पोलाद, मजुरी विकत घेतली जाणार. माल गेला युद्धावर, नोटा राहिल्या इथे. बदल्यात आयात काहीच नाही, कारण ते पौंड युद्ध संपेपर्यंत खर्च करायची सोय नव्हती.

आपल्या भाषेत सांगायचं तर असं : कंपनी तुमच्याकडून सहा वर्षं डबल शिफ्ट करून घेते. पगार ऑनसाइटच्या एका खात्यात जमा होतो. पासबुकातला आकडा बघून छाती फुगते, पण पैसे काढता येत नाहीत. घर चालवायला तुम्ही घरातच चिठ्ठ्या लिहून एकमेकांना देता. काही दिवसांनी घरात चिठ्ठ्या भरपूर आणि तांदूळ कमी, अशी अवस्था होते.

आकडे बघा. चलनातल्या नोटा १९३९ च्या सुमारे १८० कोटी रुपयांवरून युद्ध संपेपर्यंत ११०० कोटींच्या पुढे गेल्या. रिझर्व्ह बँकेकडचे पौंड युद्धाआधी ६४ कोटी रुपयांच्या आसपास होते, ते १९४५-४६ मध्ये १७०० कोटींच्या वर गेले. पौंडात सुमारे १३०० दशलक्ष. शिवाय मधल्या काळात भारत सरकारचं लंडनमधलं जुनं कर्जही जवळजवळ सगळं ह्याच पैशातून फिटलं. दीडशे वर्षं जो देश इंग्लंडचा कर्जदार होता तो सहा वर्षांत सावकार झाला.

ह्या सावकारीची किंमत कुणी मोजली? भाव दुपटी-तिपटीने चढले तेव्हा पगारदार, शेतमजूर, मासेमार, ज्यांचं उत्पन्न भावाबरोबर चढत नव्हतं त्या सगळ्यांनी. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं गेली. दुष्काळाची कारणं बरीच होती. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, वादळ आलं, होड्या जप्त केल्या गेल्या, सरकारी नालायकी तर होतीच. पण नोटांच्या पुराने चढलेले भाव हे त्यातलं एक मोठं कारण होतं. लंडनच्या वहीतले ते १३०० दशलक्ष पौंड म्हणजे खाल्लं न गेलेलं अन्न आणि नेसलं न गेलेलं कापड. देशमुख गव्हर्नर झाले तो महिना आठवा. ऑगस्ट १९४३. कलकत्त्याच्या फुटपाथवर माणसं मरत होती.

आणि पुढच्याच वर्षी, १ जुलै १९४४ ला, अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या ब्रेटन वुड्स नावाच्या जागी ४४ देशांची परिषद भरली. युद्धानंतरच्या जगाच्या पैशाचे नियम ठरवायला. डोंगरात माउंट वॉशिंग्टन नावाचं एक भलंमोठं हॉटेल, तीन आठवडे मुक्काम. नाणेनिधी आणि जागतिक बँक दोन्ही तिथेच जन्मल्या.

भारत स्वतंत्र नव्हता, तरी त्याचं वेगळं शिष्टमंडळ होतं. प्रमुख अर्थातच गोरा साहेब, व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले सर जेरेमी रेसमन. दुसरे सर थिओडोर ग्रेगरी. आणि तीन भारतीय : देशमुख, आर. के. षण्मुखम चेट्टी (हे पुढे स्वतंत्र भारताचे पहिले अर्थमंत्री झाले) आणि टाटांकडचे ए. डी. श्रॉफ. श्रॉफ त्याच वर्षी जाहीर झालेल्या 'बॉम्बे प्लॅन'च्या लेखकांपैकी एक. म्हणजे घर परक्याचं, यजमान तिसराच, आपल्या टीमचा लीडसुद्धा समोरच्या कंपनीचा, आणि अशा अवस्थेत आपली वसुली करायची!

समोर होते जॉन मेनार्ड केन्स. केन्स आयुष्यात कधी भारतात आले नाहीत, पण त्यांची पहिली नोकरी लंडनच्या इंडिया ऑफिसातली. १९०६ साली तिथे रुजू झाले तेव्हा सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं, एअरशायर जातीचे तरुण वळू बोटीने मुंबईला पाठवायची व्यवस्था करणं. फ्रेशरला असली कामं तेव्हाही द्यायचे तर! त्यांचं पहिलं पुस्तकही भारताच्या चलनावरच होतं. तर हे केन्स आता ब्रिटनतर्फे बसले होते आणि समोर होता ब्रिटनचा मोठा धनको.

भारताने मागणी अशी केली की नाणेनिधीच्या उद्दिष्टांत युद्धामुळे साठलेल्या ह्या असाधारण देण्यांची फेड सुकर करणं हेही घाला, आणि आमच्या पौंडांचा काही भाग तरी डॉलरसारख्या चलनात बदलून मिळू द्या. इजिप्तचेही पौंड अडकले होते, त्यांनी साथ दिली. ब्रिटन, अमेरिका आणि फ्रान्स तिघेही विरोधात. अमेरिकेचं म्हणणं होतं की एवढा भार निधीला पेलणार नाही. श्रॉफ यांनी तेव्हा दिलेला दृष्टांत प्रसिद्ध आहे. बँकेत दहा लाख डॉलर आहेत पण टॅक्सीचं भाडं द्यायला खिशात सुटे नाहीत, अशा माणसासारखी आमची गत तुम्ही करताय, असं ते भर सभेत म्हणाले. केन्सनी गोड शब्दांत भारताचे आभार मानले, ब्रिटन हे ऋण सन्मानाने फेडील असं सांगितलं, आणि हा आमचा आपसातला मामला आहे म्हणून विषय परिषदेबाहेर काढला. मागणी पडली.

तेव्हा वसुलीच्या दृष्टीने दौरा फेल. कँटीनमधल्या दुसऱ्या पार्टीने इथे टेबल वाजवलं असतं.

पण त्याच तीन आठवड्यांत आणखी दोन गोष्टी झाल्या. एक शब्दांची. निधीच्या उद्दिष्टांत मागासलेल्या देशांच्या साधनसंपत्तीचा पुरेपूर वापर व्हावा यासाठी मदत, असं वाक्य घाला असा भारताचा आग्रह होता. तसंच्या तसं वाक्य कुणी घेतलं नाही. पण घासाघीस होऊन सर्व सभासदांच्या उत्पादक साधनांचा विकास हे शब्द पहिल्या कलमात आले आणि ते आजही तिथे आहेत. श्रीमंत देशांनी आपापसातल्या व्यापारासाठी बांधलेल्या यंत्रणेच्या दारावर 'विकास' हा शब्द लागला, त्याला थोडाफार आपल्या लोकांचा हट्ट कारण आहे. ज्यांनी रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमधल्या एका शब्दावरून क्लायंटशी चार-चार तास वाद घातलाय त्यांना ह्याची किंमत कळेल.

दुसरी गोष्ट खुर्चीची. निधीत प्रत्येक देशाचा कोटा ठरणार होता आणि सर्वात मोठ्या कोट्याच्या पाच देशांना आपला संचालक थेट नेमता येणार होता. भारतासाठी सुरुवातीला ३०० दशलक्ष डॉलरचा आकडा फिरत होता. आपल्या मंडळींनी चीनच्या बरोबरीचा हट्ट धरला. चीनची बरोबरी नाही मिळाली, कारण चीनला मोठं करायचं हा अमेरिकेचा राजकीय निर्णय होता. पण आकडा ४०० दशलक्षावर गेला. अमेरिका २७५०, ब्रिटन १३००, रशिया १२००, चीन ५५०, फ्रान्स ४५०, भारत ४००. म्हणजे सहावा नंबर, खुर्ची एका नंबराने हुकली. मग रशियाने करारावर शिक्कामोर्तबच केलं नाही. भारत आपोआप पाचवा झाला! पारतंत्र्यात असलेल्या देशाला जगाच्या तिजोरीच्या संचालक मंडळात स्वतःचा माणूस बसवायचा हक्क मिळाला. नशीब म्हणा, पण ३०० वर समाधान मानलं असतं तर हे नशीब उपयोगाला आलं असतं का? देशमुख त्या दोन्ही संस्थांवर भारताचे गव्हर्नर झाले आणि १९५० साली पॅरिसला दोघांची संयुक्त वार्षिक सभा भरली तेव्हा अध्यक्षस्थानी तेच होते.

राहिला प्रश्न पौंडांचा. चर्चिल यांचं मत होतं की जपानपासून भारत वाचवला त्याचं बिल ब्रिटनने उलट भारतालाच लावावं. डिसेंबर १९४५ मध्ये ब्रिटनने अमेरिकेकडून ३.७५ अब्ज डॉलरचं कर्ज घेतलं, त्या करारात अशा शिलकांचा काही भाग 'समायोजित' होईल असं गृहीत धरलेलं होतं. समायोजित म्हणजे, आपल्या मराठीत, बुडीत खाती. कर्जबाजारी झालेला मोठा माणूस लहान सावकाराला म्हणतो ना, "बघ बाबा, निम्म्यावर मिटवू", तसं. भारताने ह्याला ठाम नकार दिला. पासबुकातला आकडा कसा जमलाय हे देशमुखांपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार! १९४७ आणि १९४८ मध्ये दिल्ली-लंडन वाटाघाटींच्या फेऱ्या झाल्या. रक्कम दोन खात्यांत विभागली : एक ताबडतोब वापरायचं, दुसरं हळूहळू मोकळं होणारं. १९४८ च्या करारात इथे मागे राहिलेल्या लष्करी सामानाची किंमत म्हणून १०० दशलक्ष पौंड वळते झाले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनची रक्कमही आगाऊ कापली गेली. (साहेब जातानाही पीएफ क्लिअर करूनच गेला.) फाळणीनंतर पाकिस्तानचा वाटा गेला. पण उरलेल्यातला एक पौंडही 'माफ' केला गेला नाही.

मग सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचीच किंमत उतरवली, ४.०३ डॉलरवरून २.८०. रुपयाही मागोमाग उतरला. एका रात्रीत त्या शिलकेची डॉलरमधली किंमत तीस टक्क्यांनी घटली, आणि इथे डॉलर ३ रुपये ३० पैशांच्या आसपास होता तो ४.७६ ला गेला. म्हणजे अमेरिकेचा गहू रुपयांत जवळजवळ दीडपट महाग. आणि गहू तर हवाच होता. फाळणीत सिंध आणि पश्चिम पंजाबची कालव्याखालची शेती गेली होती, शहरांत रेशनच्या रांगा होत्या.

नेमक्या ह्याच मुहूर्तावर नेहरूंचा पहिला अमेरिका दौरा ठरला. ११ ऑक्टोबर १९४९. लंडनहून त्यांना आणायला ट्रूमननी स्वतःचं विमान पाठवलं. चीनमध्ये माओंनी दहाच दिवसांपूर्वी नव्या राज्याची घोषणा केलेली, रशियाने अणुबॉम्ब फोडल्याची बातमी ताजी. आशियात आता आपला कोण, हा अमेरिकेपुढचा प्रश्न होता आणि उत्तर म्हणून त्यांना नेहरू दिसत होते. संसदेच्या दोन्ही सभागृहांत भाषणं, कोलंबिया विद्यापीठाची मानद पदवी, प्रिन्स्टनला आइनस्टाइनची भेट. तीन आठवड्यांहून मोठा दौरा. फोटो उत्तम आले.

धान्याचं मात्र काही झालं नाही. नेहरू स्वच्छ म्हणाले होते की कष्टाने मिळवलेल्या स्वातंत्र्याचा कुठलाही भाग देऊन आम्हाला भौतिक फायदा नको. 'आमच्याकडे धान्य नाही, द्या' हे वाक्य त्यांच्या तोंडून सरळ निघालं नाही, आणि मागितल्याशिवाय द्यायची अमेरिकेला सवय नव्हती. परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचेसन यांनी नंतरच्या आठवणींत लिहिलंय की ज्यांच्याशी आपला संबंध आला त्या सर्वात अवघड माणसांपैकी नेहरू एक होते.

त्या वेळी देशमुखही तिकडेच होते. ३० जून १९४९ ला रिझर्व्ह बँक सोडल्यावर नेहरूंनी त्यांना अमेरिका आणि युरोपसाठी खास आर्थिक राजदूत नेमलं होतं. गव्हाच्या कर्जाची पहिली बोलणी त्यांनीच केली. दहा लाख टन, सवलतीच्या भावाने कसे मिळतील, कुठल्या कायद्याखाली, फेड कशात, असली कामं. ह्या कामाचे फोटो निघत नाहीत. शिवाय जागतिक बँकेची पहिली कर्जं ह्याच सुमाराला मंजूर झाली : ऑगस्टमध्ये रेल्वेसाठी ३४ दशलक्ष डॉलर, बँकेने आशियात दिलेलं पहिलं कर्ज. सप्टेंबरमध्ये मध्य भारतातलं कांस नावाचं चिवट गवत उखडून जमीन लागवडीला आणायला ट्रॅक्टरांसाठी १० दशलक्ष. ब्रेटन वुड्सला 'विकास' शब्दासाठी घासाघीस करणारे देशमुख आणि कांसाने खाल्लेल्या मध्य प्रांतात उमेदीची वर्षं काढलेले देशमुख, दोघेही ह्या दुसऱ्या कर्जात भेटतात, निदान मला तरी तसं वाटतं.

नेहरूंचा दौरा फसला असं बऱ्याच अभ्यासकांनी म्हटलंय. मला ते अर्धंच पटतं. ज्या देशाला स्वतंत्र होऊन दोन वर्षं झाली होती आणि ज्याचे स्वतःचे शेकडो दशलक्ष पौंड लंडनमध्ये पडून होते, त्याच्या पंतप्रधानाने धान्य मागताना अडखळावं यात मला विचित्र काही वाटत नाही. पण ऐट राखायची तर तिचा हिशोब कुणाच्या ताटातून जातो हेही बघावं लागतं. बघावं लागलंच. १९५० साली भूकंप, पूर, अवर्षण सगळं एकदम आलं. बिहार आणि मद्रासमध्ये हाल सुरू झाले, आणि डिसेंबरमध्ये भारताने रीतसर २० लाख टन धान्य मागितलं.

आता अमेरिकेने सहा महिने घेतले. कोरियाचं युद्ध चालू होतं आणि चीनला आक्रमक ठरवायच्या ठरावाविरुद्ध फेब्रुवारी १९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत भारताने मत दिलं होतं. तिथल्या संसदेत काही सभासद विचारत होते, ह्यांना गहू का द्यायचा? काहींना बदल्यात त्रावणकोरची मोनाझाइट वाळू हवी होती, ज्यात थोरियम असतं आणि जिची निर्यात भारताने बंद केली होती. दरम्यान चीन आणि रशियाकडूनही धान्याची बोलणी झाली, त्याचा वॉशिंग्टनवर परिणाम झालाच. शेवटी १५ जून १९५१ ला ट्रूमननी कायद्यावर सही केली. १९० दशलक्ष डॉलर, दान नाही, कर्ज. भारताने कर्जच मागितलं आणि मोनाझाइटची अट करारात येऊ दिली नाही. व्याजातले ५० लाख डॉलरपर्यंतचे पैसे भारतीय विद्यापीठांना अमेरिकन पुस्तकं, उपकरणं आणि प्राध्यापकांची देवाणघेवाण यावर खर्च व्हायचे होते.

तोवर देशमुख अर्थमंत्री होऊन वर्ष झालं होतं. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. कुलाबा म्हणजे मुंबईतलं नाही हो, आताचा रायगड जिल्हा! आमच्या पणजोबांच्या पिढीने नाणेनिधीच्या गव्हर्नरला मत दिलं होतं, हे वडखळ नाक्यावर कुणाला सांगितलं तर पटणार नाही.

लंडनमधले पौंड पुढची काही वर्षं जपून वापरले गेले. १९५६ मध्ये दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि पोलाद कारखाने, रेल्वे, यंत्रसामग्री यांची आयात धो-धो वाढली. त्याच वर्षी देशमुखांनी राजीनामा दिला. १९५८ पर्यंत ती शिल्लक जवळजवळ संपली, आणि ऑगस्टमध्ये जागतिक बँकेने वॉशिंग्टनला भारताला कर्ज देणाऱ्या देशांची पहिली बैठक बोलावली. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, पश्चिम जर्मनी आणि जपान. देशमुख तेव्हा दिल्लीत विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते आणि कुठल्या विद्यापीठाला किती पैसे द्यायचे याच्या फायली बघत होते.